एक नांव, अनेक गांवें
(चीनच्या जुन्या राजधान्या आणि त्यांच्या नांवाचे तालुके)

पवित्र शास्त्रांतील ‘प्रेषितांचीं कृत्यें’ वाचीत असतां तेरावा अध्याय आला म्हणजे नवख्या वाचकाचा गोंधळ उडतो. अध्यायाच्या आरंभीं पौल व बर्णबा हे अंत्युखिया येथून निघतात, समुद्र ओलांडतात, डोंगर चढतात, आणि पाहावें तों पुनः अंत्युखियासच येऊन पोहोंचतात! शिक्षकांनीं नकाशावर बोट ठेवून एक अंत्युखिया सूरियांतील व दुसरें पिसिदियांतील असें दाखविलें म्हणजे मग उलगडा होतो.

नांव एक आणि गांवें दोन, ही अडचण चीनच्या इतिहासांत तर पदोपदीं येते. एकच उदाहरण घेऊं. सुंग घराण्याची दक्षिणेकडील राजधानी लिनआन ही होती, असें आपण इतिहासांत वाचतों. आजच्या नकाशांत लिनआन शोधूं गेल्यास हांगचौ शहराच्या पश्चिमेस सुमारें ५० किलोमीटरांवर, डोंगराळ मुलुखांत, त्या नांवाचें ठिकाण सांपडतें. विद्यार्थी आनंदानें तेथें तांबडी खूण करतो, आणि चुकतो. सुंग सम्राटांचे वाडे त्या ठिकाणीं कधींच नव्हते. ते खुद्द हांगचौ शहरांत होते. मग नकाशा खोटा कीं पुस्तक खोटें? दोन्ही खरीं आहेत. एक राजधानीचें लिनआन, दुसरें तालुक्याचें लिनआन, एवढाच भेद. हा भेद कसा उत्पन्न होतो, आणि राजधानी नाहींशी झाल्यावर तिचें नांव कोणापाशीं राहतें, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

तालुका हा चिनी राज्याचा पाया

इ. स. पूर्वीं २२१ ह्या वर्षीं छिन घराण्याच्या शी ह्वांग ती ह्या सम्राटानें सारा देश एकछत्री केला, आणि मांडलिक राजे न ठेवतां देशाचे ३६ सुभे पाडले. सुभ्याच्या पोटांत ‘श्येन’ नांवाचे लहान विभाग होते. श्येन ही संस्था त्या सम्राटाहूनहि जुनी. परंतु सर्व देशभर ती एकसारखी लागू झाली ती ह्या वेळीं. इंग्रज ग्रंथकार श्येनला ‘काउंटी’ म्हणतात. आपण त्यास तालुका म्हणावें हें बरें. प्रत्येक श्येनवर सम्राटानें नेमलेला एक अधिकारी असे. तो सारा वसूल करी, फिर्यादी ऐके, चोरांचा बंदोबस्त ठेवी. सामान्य रयतेला सम्राट कधीं दिसत नसे. तिला सरकार म्हणजे हा तालुक्याचा अधिकारीच होय.

घराणीं आलीं व गेलीं, सुभ्यांचे व प्रांतांचे अनेक वेळां फेरफार झाले. परंतु तालुका हा पाया सुटला नाहीं. आजहि चीनमध्यें तालुक्याच्या दर्जाचे सुमारें २,८०० विभाग आहेत.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. राजधानीचें शहर कितीहि मोठें असो, तें कोणत्या ना कोणत्या तालुक्याच्या जमिनीवरच उभें असे. सम्राटाच्या वाड्याची जागासुद्धां एखाद्या श्येनच्या हद्दींत मोडे. ह्यामुळें राजधानीला एक नांव व तिच्या तालुक्याला दुसरें, किंवा दोहोंना एकच नांव, असे दोन्ही प्रकार घडत. पुढील साऱ्या गोंधळाचें मूळ येथेंच आहे.

चांगआन

आरंभ सर्वांत प्रसिद्ध नांवापासून करूं. हान घराण्याचा संस्थापक ल्यू पांग ह्यानें इ. स. पूर्वीं २०२ मध्यें राज्य मिळविलें, व वेइ नदीच्या दक्षिण तीरीं आपली राजधानी केली. त्या ठिकाणच्या एका लहानशा वस्तीचें नांव चांगआन, म्हणजे ‘चिरशांति’, असें होतें. तेंच शुभ नांव राजधानीला व तालुक्याला मिळालें. शहराचा तट इ. स. पूर्वीं १९४ ते १९० ह्या वर्षांत बांधण्यांत आला. पुढें वांग मांग ह्यानें गादी बळकाविली, तेव्हां त्यानें त्या नांवांतील पहिलें अक्षर बदलून ‘नित्यशांति’ अशा अर्थाचें दुसरें अक्षर घातलें. आजच्या उच्चारांत दोन्ही अक्षरें सारखींच ऐकूं येतात. वांग मांगची राजवट इ. स. २३ मध्यें संपली, आणि पहिलें अक्षर परत आलें.

हान काळचें तें शहर जीर्ण झाल्यावर स्वी घराण्याच्या पहिल्या सम्राटानें इ. स. ५८२ मध्यें त्याच्या आग्नेयेस नवें शहर वसविलें. ६१८ मध्यें तांग घराणें आलें व त्यानें ह्या नव्या शहरालाच चांगआन म्हटलें. तेव्हां हान काळचें चांगआन आणि तांग काळचें चांगआन हीं एकमेकांच्या शेजारचीं, परंतु निरनिराळीं शहरें होत. तांग काळच्या शहराचा विस्तार सुमारें ८४ चौरस किलोमीटर होता. मधोमध उत्तर–दक्षिण असा सुमारें १५० मीटर रुंदीचा राजमार्ग होता. ह्या राजमार्गाच्या पश्चिमेकडील अर्धें शहर चांगआन तालुक्यांत व पूर्वेकडील अर्धें वाननिएन तालुक्यांत मोडे. वाननिएन म्हणजे ‘दहा सहस्र वर्षें’. म्हणजे काय झालें? राजधानीचें नांव चांगआन. पण तिच्या पूर्वेकडील पेठेंत राहणारा मनुष्य चांगआन शहराचा रहिवासी असूनहि चांगआन तालुक्याचा नव्हे!

ह्याचें एक उदाहरण आम्हां महाराष्ट्रीयांस जवळचें वाटेल. ह्युएनत्संग हा यात्रेकरू ह्याच चांगआनाहून हिंदुस्थानांत आला. सुमारें इ. स. ६४१ मध्यें तो महाराष्ट्रांतून गेला, आणि येथील राजा पुलकेशी व येथील लोक ह्यांचें वर्णन त्यानें लिहून ठेविलें. ६४५ मध्यें तो चांगआनास परतला. त्यानें आणलेले ग्रंथ सुरक्षित राहावे म्हणून ६५२ मध्यें जो मनोरा बांधण्यांत आला, तो आजहि उभा आहे. चांगआनची खूण म्हणून जगभर ह्याच मनोऱ्याचें चित्र छापतात. परंतु तांग काळच्या दप्तराप्रमाणें पाहिलें तर ती जागा राजमार्गाच्या पूर्वेस, म्हणजे वाननिएन तालुक्यांतील होय.

ह्याच शहरीं इ. स. ६३५ मध्यें अलोपेन नांवाचा ख्रिस्ती धर्मोपदेशक आला, असें ७८१ मध्यें उभारलेल्या एका शिलालेखांत लिहिलें आहे. तो शिलालेख सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जमिनींतून निघाला व हल्लीं शीआन येथील शिलालेख-संग्रहालयांत आहे. त्यांतील सिरियाक भाषेच्या भागांत शहराचें नांव ‘खुमदान’ असें आढळतें. पश्चिमेकडील व्यापारी चांगआनला त्या नांवानें ओळखीत. एका शहराचीं अनेक नांवें, ही दुसरी अडचण. तिच्याविषयीं पुढें सांगूं.

इ. स. ९०४ मध्यें चू वेन ह्या सेनापतीनें तांग सम्राटास बळजबरीनें लोयांग येथें नेलें. वाडे व घरें मोडून त्यांचें लांकूड वेइ नदींत सोडण्यांत आलें, व तें प्रवाहाबरोबर पूर्वेकडे नेण्यांत आलें. तीन वर्षांनीं तांग घराणें संपलें. चांगआन पुनः कधींहि साऱ्या देशाची राजधानी झालें नाहीं. मागें राहिलेल्या लहान शहराचीं नांवें बदलत गेलीं, आणि १३६९ मध्यें मिंग घराण्यानें त्या भागाला शीआन, म्हणजे ‘पश्चिमेची शांति’, हें नांव दिलें. तेंच आज चालतें.

परंतु चांगआन हें नांव मेलें नाहीं. तालुक्यानें तें जपलें. शहर शीआन झालें तरी शहराचा तालुका चांगआनच राहिला. शेजारचा वाननिएन तालुका पुढें श्येननिंग ह्या नांवानें चालला, व प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या वर्षांत चांगआन तालुक्यांतच मिळविण्यांत आला. पुढें शहराची व्यवस्था निराळी होऊन तालुका दक्षिणेकडील खेड्यापाड्यांपुरता उरला. २००२ सालीं त्याचा शीआन महानगराचा ‘चांगआन विभाग’ झाला. आज एखादा विद्यार्थी तेथें जाऊन हान काळचे तट शोधूं लागला तर त्याला ते सांपडणार नाहींत. ते शहराच्या वायव्येस वेइयांग नांवाच्या विभागांत आहेत. ह्युएनत्संगाचा मनोरा पाहूं म्हटलें तर तोहि यानथा नांवाच्या दुसऱ्याच विभागांत. चांगआन हें नांव दक्षिणेकडे राहिलें, आणि जुनें चांगआन त्याच्या हद्दीबाहेर पडलें. मात्र ह्युएनत्संगाच्या अस्थि ६६९ मध्यें ज्या ठिकाणीं हलविण्यांत आल्या, तें शिंगच्याव मंदिर आजच्या चांगआन विभागांत आहे.

एवढ्यानें भागत नाहीं. शिच्याच्वांग ह्या उत्तरेकडील शहरांत चांगआन नांवाचा एक विभाग आहे. दक्षिणेस तोंगक्वान शहरांत चांगआन नांवाची एक वस्ती आहे. आणि बीजिंगच्या राजवाड्यासमोरून जाणारा मोठा रस्ताहि चांगआन ह्याच नांवाचा. ह्यांपैकीं एकाहि ठिकाणीं हान अथवा तांग सम्राटांची राजधानी नव्हती. शांतीचें नांव कोणाला नको?

दाशिंग

स्वी सम्राटानें ५८२ मध्यें वसविलेलें शहर तांग घराण्यानें चांगआन म्हटलें, असें वर आलें. मग स्वी काळीं त्याचें नांव काय होतें? तें होतें दाशिंग, म्हणजे ‘महान उत्कर्ष’. गादीवर येण्यापूर्वीं त्या सम्राटास दाशिंगचा उमराव अशी पदवी होती; तीच त्यानें नव्या राजधानीला दिली. हा उत्कर्ष अवघा ३६ वर्षें टिकला. ६१८ मध्यें घराण्याबरोबर नांवहि गेलें.

सुमारें साडेपांच शतकांनंतर हेंच नांव शेंकडों कोस दूर पुनः उगवलें. जुर्चेन लोकांच्या जिन घराण्यानें ११५३ मध्यें आपली राजधानी आजच्या बीजिंगच्या ठिकाणीं आणली. तेथील सुभ्याला त्यांनीं दाशिंग असें नांव दिलें, व त्याच सुमारास तेथील एका तालुक्यालाहि तेंच नांव मिळालें. मिंग व छिंग ह्या घराण्यांच्या काळीं बीजिंग शहराची रचना तांग काळच्या चांगआनसारखीच होती: पूर्वेकडील अर्धें शहर दाशिंग तालुक्यांत, पश्चिमेकडील अर्धें वानपिंग तालुक्यांत. ह्यांतील वानपिंगचें नांव १९३७ च्या जुलै महिन्यांत साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत झळकलें; मार्को पोलोच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पुलाजवळ, वानपिंगच्या तटापाशींच, चीन व जपान ह्यांच्या सैन्यांत चकमक होऊन मोठें युद्ध पेटलें. वानपिंग तालुका १९५२ सालीं मोडण्यांत आला. दाशिंग मात्र राहिला. २००१ मध्यें तो बीजिंगचा एक विभाग झाला, आणि २०१९ च्या सप्टेंबरांत तेथें उघडलेल्या प्रचंड विमानतळास ‘दाशिंग’ हेंच नांव आहे. त्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशानें आपण स्वी सम्राटाच्या राजधानींत उतरलों असें मानूं नये. ती राजधानी दूर नैर्ऋत्येस, शीआन येथें होती.

दिशांचीं नांवें

चिनी भाषेंत ‘जिंग’ म्हणजे राजधानी. तिच्यामागें दिशावाचक शब्द लावला कीं नांव तयार: बीजिंग म्हणजे उत्तर-राजधानी, नानजिंग दक्षिण-राजधानी, तोंगजिंग पूर्व-राजधानी, शीजिंग पश्चिम-राजधानी. हीं मूळचीं गांवांचीं नांवें नव्हेत. तीं पदें होत. पद जसें एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातें तशीं हीं नांवें एका शहराकडून दुसऱ्याकडे गेलीं.

अकराव्या शतकांत उत्तरेस खितान लोकांचें ल्याव राज्य व दक्षिणेस सुंग राज्य अशीं दोन राज्यें एकाच वेळीं होतीं, आणि प्रत्येकानें आपापल्या राजधान्यांना दिशांचीं नांवें दिलीं होतीं. त्यांचा मेळ असा:

नानजिंग: ल्याव राज्यांत आजचें बीजिंग, सुंग राज्यांत आजचें शांगच्यू.
तोंगजिंग: ल्याव राज्यांत आजचें ल्यावयांग, सुंग राज्यांत आजचें कायफंग.
शीजिंग: ल्याव राज्यांत आजचें दातोंग, सुंग राज्यांत लोयांग.

सुंग राज्याचें बीजिंग म्हणजे १०४२ पासून दामिंग. तें आज हपै प्रांतांतील एक साधा तालुका आहे. आणि ज्या शहराला आज आपण नानजिंग म्हणतों त्याला त्या काळीं जियांगनिंग म्हणत. जियांगनिंग हें नांवहि तालुक्याच्या रूपानें टिकलें, व २००० सालापासून तो नानजिंग महानगराचा एक विभाग आहे.

आतां पाहा, ‘११२७ मध्यें सुंग घराण्याचा काओत्सुंग हा नानजिंग येथें गादीवर बसला’ हें वाक्य वाचून जो विद्यार्थी यांगत्से नदीकांठच्या नानजिंगवर खूण करील त्याची किती मोठी चूक होईल! तें नानजिंग म्हणजे शांगच्यू. तसेंच १३६८ मध्यें मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटानें कांहीं वर्षें कायफंगला ‘बीजिंग’ म्हटलें होतें. आजच्या बीजिंगला तें नांव १४०३ मध्यें मिळालें, व १४२१ मध्यें तेथें राजधानी आली. १९२८ मध्यें राजधानीपण गेलें तेव्हां शहराचें नांव ‘बेइपिंग’, म्हणजे ‘उत्तरेची शांति’, असें झालें, आणि १९४९ मध्यें तें पुनः बीजिंग झालें. पद गेलें कीं नांव गेलें, पद आलें कीं नांव आलें! जपानची राजधानी तोक्यो हीसुद्धां ‘पूर्व-राजधानी’च, चिनी मनुष्य तीं अक्षरें ‘तोंगजिंग’ अशींच वाचतो.

कायफंगची गंमत निराळीच आहे. सुंग काळीं त्या राजधानींत कायफंग व श्यांगफू असे दोन तालुके होते. पुढें कायफंग तालुका श्यांगफूंत मिळाला. १९१३ मध्यें श्यांगफूचेंच नांव कायफंग तालुका असें करण्यांत आलें. आणि २०१४ मध्यें त्याच तालुक्याचा महानगराचा विभाग होतांना ‘श्यांगफू’ हें जुनें नांव परत आलें.

निर्वासितांनीं नेलेलीं नांवें

आतांपर्यंत सम्राटांनीं दिलेल्या नांवांविषयीं लिहिलें. परंतु कांहीं नांवें रयतेनें आपल्या खांद्यावरून वाहून नेलीं आहेत. त्यांची हकीकत अधिक करुण आहे. इ. स. ३११ मध्यें उत्तरेकडील टोळ्यांनीं लोयांग लुटलें व ३१६ मध्यें चांगआन घेतलें. त्या वेळीं राज्य करणारें घराणें जिन. (वर सांगितलेलें जुर्चेन लोकांचें जिन निराळें, उच्चार एक, अक्षर दुसरें.) ह्या घराण्यांतील एका राजपुत्रानें ३१७ पासून यांगत्सेच्या दक्षिणेस ज्येनखांग, म्हणजे आजचें नानजिंग, येथून राज्य चालविलें. त्याच्यामागोमाग लक्षावधि लोक घरदार सोडून नदी उतरून आले.

आपण लवकरच परत जाऊं, अशी ह्या लोकांची आशा होती. म्हणून सरकारनें त्यांच्यासाठीं त्यांच्या गमावलेल्या सुभ्यांच्या व तालुक्यांच्या नांवानेंच दक्षिणेंत नवे सुभे व तालुके स्थापिले. ह्यांपैकीं कित्येकांना आरंभीं स्वतःची जमीनच नव्हती. होती ती केवळ नांवांची यादी व एक अधिकारी. शांतुंगमधील लांगया प्रांताचे लोक ज्येनखांगजवळ राहिले, तरी सरकारी वहींत ते लांगयाचेच रहिवासी राहिले, आणि करांतून त्यांना सूट मिळे. वर्षें लोटलीं. बाप गेले, मुलें म्हातारीं झालीं. परत जाण्याचा दिवस उगवला नाहीं. सरकारचा वसूल बुडूं लागला, तेव्हां ३६४ मध्यें व पुनः ४१३ मध्यें कडक हुकूम निघाले कीं, ज्यानें त्यानें जेथें राहत आहे तेथीलच रहिवासी म्हणून नांव नोंदवावें. ४२० च्या सुमारास तर अशा सुभ्यांच्या नांवामागें ‘नान’, म्हणजे दक्षिण, हा शब्द जोडण्यांत आला. एका लहानशा शब्दानें सरकारनें कबूल केलें कीं, हें तें गांव नव्हे.

तो हुकूम न्याय्य होता, हें आम्हांस मान्य आहे; शेजाऱ्यानें कर भरावा व आपण भरूं नये, हें किती पिढ्या चालणार? परंतु ज्या म्हाताऱ्यानें त्या दिवशीं वहींत आपल्या गांवाचें नांव खोडलेलें पाहिलें असेल, त्याच्या मनाची कल्पना करून पाहावी. घर गेलें होतें, शेत गेलें होतें. नांव तेवढें उरलें होतें, तेंहि गेलें.

सगळींच नांवें अशीं खोडलीं गेलीं नाहींत. फूच्येन प्रांतांत छ्वानचौ बंदराजवळ लोयांग नांवाची एक नदी आहे. उत्तरेकडून आलेल्या लोकांनीं आपल्या गमावलेल्या लोयांगच्या आठवणीनें तिला तें नांव दिलें, अशी परंपरा आहे. तिच्या मुखावर १०५३ ते १०५९ ह्या वर्षांत त्साइ श्यांग ह्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं बांधलेला दगडी पूल लोयांग पूल म्हणूनच प्रसिद्ध आहे. राजधानी लोयांग तेथून फार दूर उत्तरेस.

लिनआनचा उलगडा

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. लिनआन तालुक्याचें नांव इ. स. २८० पासूनचें आहे. दहाव्या शतकांत ह्याच तालुक्यांत जन्मलेला छ्येन ल्यू हा वूयुए नांवाच्या राज्याचा राजा झाला. आपलें जन्मगांव गौरविण्यासाठीं त्यानें त्याला ‘जरीवस्त्रें लेऊन घरीं परतणें’ अशा अर्थाचें नांव दिलें. ९७८ मध्यें तें राज्य सुंग सम्राटाच्या स्वाधीन झालें, आणि तालुका पुनः आपल्या जुन्या नांवानें लिनआन झाला.

११२७ मध्यें जुर्चेन लोकांनीं कायफंग घेऊन दोन सुंग सम्राटांना कैद करून नेलें. वर सांगितलेला काओत्सुंग दक्षिणेकडे पळाला. ११२९ मध्यें त्यानें हांगचौला सुभ्याचा दर्जा देऊन ‘लिनआन’ असें नांव दिलें, व ११३८ मध्यें तेथें राजधानी केली. तालुका लिनआन हा पूर्वींपासून हांगचौच्याच कक्षेंतला. आतां सुभाहि लिनआन, तालुकाहि लिनआन! राजधानीचें शहर मात्र त्या तालुक्यांत नव्हे, तर छ्येनथांग व रनहो ह्या दुसऱ्या दोन तालुक्यांत मोडे. शिवाय कायफंग परत मिळवावयाचें आहे, ही प्रतिज्ञा सोडलेली नसल्यामुळें ह्या नव्या राजधानीला सरकारी भाषेंत ‘शिंगत्साइ’, म्हणजे सम्राटाचा तात्पुरता मुक्काम, असें म्हणत. तो तात्पुरता मुक्काम १२७६ पर्यंत, म्हणजे मोंगलांनीं शहर घेईपर्यंत, टिकला. मार्को पोलोनें ज्या ‘किनसाइ’ शहराची अपार स्तुति केली आहे तें हेंच, असें मानतात.

मोंगलांच्या विजयानंतर राजधानीचें नांव गेलें व शहर पुनः हांगचौ झालें. तालुका लिनआनच राहिला. १९९६ मध्यें त्याला शहराचा दर्जा मिळाला, व २०१७ मध्यें तो हांगचौ महानगराचा एक विभाग झाला. सुंग काळीं हांगचौ लिनआनमध्यें होतें. आज लिनआन हांगचौमध्यें आहे. आणखी एक लिनआन दूर युन्नान प्रांतांत आहे. तेथें मिंग काळीं लिनआन नांवाचा सुभा होता. त्याचें ठाणें ज्येनश्वै, आणि त्या तालुक्याचें मुख्य गांव आजहि लिनआन म्हणून ओळखलें जातें.

नांवासाठीं केलेला प्रवास

कोणी म्हणेल, नांवांचा इतका कीस कशाला काढावा? ह्यास उत्तर म्हणून गोव्याशीं व मोगल दरबाराशीं संबंध असलेल्या एका मनुष्याची गोष्ट सांगतों.

मार्को पोलोच्या ग्रंथामुळें युरोपीय लोकांस ‘कॅथे’ नांवाचा देश व ‘कांबालुक’ ही त्याची राजधानी ठाऊक होती. पुढें समुद्रमार्गानें पोर्तुगीज लोक चीन देशास पोहोंचले. चीन व कॅथे हे दोन देश कीं एकच? मत्तेओ रिची हा जेझुइट धर्मोपदेशक चीनमध्यें राहत होता. दोन्ही एकच होत, असें त्याचें अनुमान होतें. हिंदुस्थानांतील त्याच्या बंधूंस तें पटेना. कारण कॅथेमध्यें पुष्कळ ख्रिस्ती लोक आहेत, असें मोगल दरबारीं येणारे व्यापारी सांगत. अखेर बेंतो द गोइश ह्या धर्मबंधूला जमिनीच्या मार्गानें शोधास पाठविण्याचें ठरलें. हा गृहस्थ शिपाई म्हणून हिंदुस्थानांत आला, गोव्यास जेझुइट संघांत शिरला, फारसी शिकला व अकबराच्या दरबारीं गेलेल्या मंडळींत होता. १६०२ मध्यें तो आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषानें आग्र्याहून निघाला. लाहोर, काबूल, यारकंद ह्या मार्गानें बर्फ, वाळवंट व लुटारू ह्यांतून तो पुढें गेला. वाटेंत चालिस ह्या गांवीं कांबालुकहून परतणारे व्यापारी त्यास भेटले. आम्ही राजधानींत ज्या वाड्यांत उतरलों होतों तेथेंच तुमच्या पंथाचे लोक उतरले होते, असें त्यांनीं सांगितलें. गोइश समजला. कांबालुक म्हणजे बीजिंग, कॅथे म्हणजे चीन.

१६०५ च्या अखेरीस तो चीनच्या वायव्य सरहद्दीवरील सूचौ गांवीं पोहोंचला. तेथें त्याला पुढें जाण्याची परवानगी मिळेना. रिचीनें बीजिंगहून एका चिनी धर्मबंधूस त्याच्या मदतीस पाठविलें. तो मार्च १६०७ च्या अखेरीस आला, तेव्हां गोइश अंथरुणाला खिळला होता. आलेलीं पत्रें त्यानें हातांत घेतलीं, आणि थोड्याच दिवसांनीं, ११ एप्रिल रोजीं, त्यानें देह ठेविला. त्याची दैनंदिनी फाडली गेली. उरलेले तुकडे व सोबती इसहाक ह्याची जबानी ह्यांवरून रिचीनें सारी हकीकत जुळविली. हें सूचौ म्हणजे बागांसाठीं प्रसिद्ध असलेलें शांघायजवळचें सूचौ नव्हे, हें सांगावयास नकोच. तें कान्सू प्रांतांतील. आज त्या शहराचें नांव च्यूछ्वान असें असून जुनें नांव तेथील एका विभागाकडे राहिलें आहे.

दोन नांवांखालीं एकच देश आहे, एवढें जगाला कळावें म्हणून एका मनुष्यानें साडेचार वर्षें खर्चिलीं व प्राण वेंचले. आपण त्याच्या शोधाचा लाभ एका क्षणांत, वर्गांत बसून घेतों. मग नकाशावर खूण करण्यापूर्वीं थोडा विचार करण्याचा आळस आपण कां करावा?

तात्पर्य

चीनच्या इतिहासांतील स्थळनाम पुढें आलें म्हणजे विद्यार्थ्यांनीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. पहिला, वर्ष कोणतें? दुसरा, राज्य कोणाचें? आणि तिसरा, हें नांव राजधानीचें, सुभ्याचें कीं तालुक्याचें? ह्या तिन्हींचीं उत्तरें मिळाल्यावांचून पेन्सिल उचलूं नये.

आणखी एक गोष्ट आमच्या मनांत राहते. ‘चिरशांति’ व ‘महान उत्कर्ष’ हीं नांवें सम्राटांनीं आपल्या वैभवाला शोभतील म्हणून राजधान्यांना दिलीं. वैभव गेलें, वाड्यांचें लांकूडसुद्धां नदींतून वाहून गेलें. तीं नांवें पुढें ज्यांनीं चालविलीं ते मोठे कोणी नव्हते. सारा भरणारे शेतकरी, वहींत नांवें लिहिणारे कारकून व तालुक्याच्या कचेरीपुढें फिर्याद घेऊन उभे राहिलेले लोक, हेच ते होत. त्यांच्यापैकीं कोणाचेंहि नांव इतिहासांत नाहीं. परंतु चांगआन, दाशिंग व लिनआन हीं नांवें आज आपण नकाशावर वाचूं शकतों, तें त्यांच्यामुळें.